तोफा थंडावल्यावर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

लढाई संपल्यावर दोन देशांनी एकमेकांना दिलेल्या किंवा मिळून उभारलेल्या वस्तूंबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. काही प्रश्न माहितीचे आहेत, बरेचसे ‘आम्हालाही असं काही करायचंय, कसं करू?’ या जातीचे. कागद, धातू आणि कापड हाताळणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी उत्तरं लिहिली आहेत.

आमच्या शाळेतली मुलं हजार कागदी क्रौंच करून हिरोशिमाला पाठवणार आहेत. कागद किती लागेल, माळा कशा ओवायच्या, आणि तिथे गेल्यावर त्यांचं काय होतं? (शिक्षिका, नाशिक)

आधी कागदाचा हिशेब. ए-फोर कागदातून ७ सेंटिमीटरचे चौकोन काढले तर रुंदीत तीन आणि लांबीत चार, असे १२ बसतात आणि जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरची पट्टी वाया जाते. जपानी तयार कागद साडेसात सेंटिमीटरचा मिळतो म्हणून तेच माप धरलंत, तर एका कागदात सहाच चौकोन निघतील, म्हणजे खर्च दुप्पट. ७ सेंटिमीटरने हजाराला ८४ कागद पुरतात; चुकणारे हात धरून ९५ आणा. ७० जीएसएमहून जाड कागद नको. इतक्या लहान चौकोनात शेवटच्या घड्यांना बारा-बारा थर एकावर एक येतात आणि जाड कागद तिथे फाटतो. घोटीव कागद पातळ आणि स्वस्त असतो, पण पावसाळी हवेत त्याचा रंग बोटांना लागतो आणि शेजारच्या पक्ष्यालाही. मुलांचे हात कोरडे ठेवा, तयार पक्षी डब्यात ठेवा.

चौकोन कात्रीने कापू नका. प्रेसवाल्याकडे कटिंग मशीनवर गठ्ठा कापून घ्या. बाजू अर्ध्या मिलिमीटरने कमी-जास्त झाली तरी चोचीचं टोक दुभंगतं, आणि मग मुलांना वाटतं आपलीच घडी चुकली.

घडीचा क्रम असा. रंगीत बाजू वर ठेवून दोन्ही कर्णांवर घडी घाला आणि उघडा. कागद उलटा. पांढरी बाजू वर ठेवून उभी आणि आडवी घडी घाला आणि उघडा. आता तीन कोपरे चौथ्या कोपऱ्यावर एकदम आणले की कागद आपोआप मिटून छोटा चौकोन होतो, रंग बाहेर राहतो. मिटायला नकार देत असेल, तर कर्णाच्या घड्या आणि उभ्या-आडव्या घड्या एकाच बाजूने घातल्या गेल्या आहेत. बहुतेक वर्गांत गाडी इथेच अडते.

चौकोनाचं उघडं टोक आपल्याकडे ठेवा. वरच्या थराच्या दोन्ही खालच्या कडा मधल्या रेषेवर आणा, वरचा त्रिकोण खाली दुमडा आणि तिन्ही घड्या पुन्हा उघडा. मग फक्त वरच्या थराचं खालचं टोक धरून वर उचला. बाजू आत येऊन लांबट पाकळी तयार होते. मागूनही तसंच. खाली दोन पाय दिसतील. त्यांच्या कडा पुन्हा मधल्या रेषेकडे दुमडायच्या, पण रेषेला चिकटवायच्या नाहीत. केसभर जागा सोडा. ती सोडली नाही तर पाय वर वळवताना कागद चुरगळतो आणि मान जाड दिसते. दोन्ही पाय आतून उलटी घडी घालून, म्हणजे दोन थरांच्या मधून, वर काढा: एक मान, एक शेपूट. मानेचं टोक खाली वळवलं की चोच झाली.

माळेसाठी पंख पसरू नका, पोट फुगवू नका. पंख मिटलेले राहिले तरच पक्षी एकात एक नीट बसतात. रूढ हिशेब ४० पक्ष्यांच्या २५ माळा. गोधडीचा दोरा दीड मीटर घ्या, सुई पोटाच्या खालच्या भोकातून घालून पाठीच्या टोकातून काढा. तळाला पुठ्ठ्याची छोटी चकती बांधा, नाहीतर गाठ पहिल्याच पक्ष्यातून आरपार निघते. प्लास्टिकचे मणी, चंदेरी कागद, लॅमिनेशन टाळा. कारण खाली येतंच आहे. ३० मुलांच्या वर्गात प्रत्येकी ३४ पक्षी आले की हजाराचा आकडा गाठून २० उरतात. ते खराब झालेल्यांच्या जागी घाला.

हे पक्षी बाल शांतता स्मारकापाशी जातात. सादाको सासाकी दोन वर्षांची असताना हिरोशिमावर बाँब पडला. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला आणि २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, बाराव्या वर्षी, ती गेली. आजारपणात ती क्रौंच करत असे. तिच्या वर्गातल्या मुलांनी सुरू केलेल्या वर्गणीला तीन हजारांहून जास्त शाळांनी हातभार लावला आणि ५ मे १९५८ रोजी नऊ मीटर उंचीचं स्मारक उभं राहिलं. तिथे दरवर्षी साधारण एक कोटी पक्षी येतात, वजनात दहा टनांच्या आसपास. पूर्वी ते उघड्यावर असत. २००३ च्या ऑगस्टमध्ये एका विद्यार्थ्याने त्यांना आग लावली. आता ते काचेच्या कपाटांत लावले जातात. मुदत संपली की कागदाचा पुनर्वापर होतो, म्हणून तर प्लास्टिक आणि चंदेरी कागद नको. टपालाने पाठवलेलेही शहर स्वीकारतं. शाळेचं नाव, पक्ष्यांची संख्या आणि मुलांचा चार ओळींचा निरोप इंग्रजीत लिहून सोबत ठेवा. त्याची नोंद केली जाते. ६ ऑगस्टलाच पोचवायचा अट्टहास नसावा. त्या आठवड्यात तिथे तोबा गर्दी असते.

न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आवारात नाण्यांपासून केलेली जपानी घंटा आहे म्हणतात. खरं का? (निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे)

खरं आहे. उवाजिमा इथल्या चियोजी नाकागावा यांच्या पुढाकाराने साठ देशांच्या लोकांकडून नाणी आणि पदकं गोळा झाली, आणि २४ नोव्हेंबर १९५२ रोजी घंटा ओतली गेली. उंची १ मीटर, तळाचा व्यास ६० सेंटिमीटर, वजन ११६ किलो. ८ जून १९५४ रोजी ती संयुक्त राष्ट्रांना दिली गेली.

तारखा नीट पाहिल्या तर यातली खरी गंमत कळते. जपान तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा सदस्यच नव्हता. १९५२ मध्ये त्याचा अर्ज सोव्हिएत नकाराधिकाराने अडवला होता, प्रवेश मिळाला १८ डिसेंबर १९५६ ला. म्हणजे देश दाराबाहेर उभा होता आणि त्याची घंटा आत टांगलेली होती. दुसरी गोष्ट धातूची. युद्धाच्या काळात जपानमधल्या देवळांच्या बहुतांश घंटा लढाईच्या सामानासाठी वितळवल्या गेल्या होत्या. ज्या देशाने स्वतःच्या घंटा तोफखान्यात घातल्या, त्याने परक्यांची नाणी मागून नवी घंटा ओतावी, हा उलटा प्रवास त्या वेळच्या लोकांना समजावून सांगावा लागला नसेल.

या घंटेत लोळा नसतो. बाहेर टांगलेला लाकडी ओंडका मागे ओढून ठरलेल्या जागी आदळतात, म्हणून आवाज खर्जातला आणि लांब रेंगाळणारा. वर्षातून दोनदा ती वाजते: वसंतसंपाताच्या दिवशी, आणि सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय शांतता दिनानिमित्त.

या जपानी घंटेबद्दल वाचून आमच्या मंडळाने गावातली जुनी पितळी भांडी गोळा करून शांतिघंटा ओतायचं ठरवलं आहे. काही माजी सैनिक रिकामी काडतुसंही द्यायला तयार आहेत. चालेल का? (मंडळाचे कार्यकर्ते, सांगली जिल्हा)

काडतुसं नकोत. ‘रिकामं’ दिसणाऱ्या पुंगळीच्या बुडाशी बार पेटवणारी टोपी न उडालेली असू शकते आणि मुशीत गेल्यावर ती उडते. शिवाय ती बाळगणं हाच कायद्याचा प्रश्न आहे. कोणाकडे असतील तर पोलिस ठाण्याला कळवा, मंडळाच्या कचेरीत पोत्यात भरून ठेवू नका.

भांड्यांची अडचण वेगळी. घंटेला लागतं कांसं, म्हणजे तांबं आणि कथील. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पितळेची घंटा होते, पण तिचा नाद आखूड असतो. टोल पडतो आणि विरतो. जस्ताचा आणखी एक त्रास आहे. ते ९०७ अंशांना उकळतं, आणि पितळ वितळायलाच त्याच्या आसपासची उष्णता लागते. त्यामुळे मुशीतून पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. बंद खोलीत हे काम करूच नये. जुन्या भांड्यांवरची कल्हई म्हणजे कथीलच, तिने बिघडत नाही. पण डाग देऊन (सोल्डरने) जोडलेल्या जागांत शिसं असतं आणि ते मिसळलं की आवाज मरतो. ते भाग आधी कापून काढावे लागतात.

आमचा सल्ला असा: घंटेसाठी नवं तांबं आणि कथील घ्या. दहा किलोला ७ किलो ८०० ग्रॅम तांबं आणि २ किलो २०० ग्रॅम कथील. तांबं पूर्ण पातळ झाल्यावर शेवटी कथील टाकायचं, नाहीतर त्याची राख होते. ३० सेंटिमीटर तोंडाच्या घंटेला साधारण १६ ते १८ किलो धातू लागेल, आणि ओठाची, म्हणजे तोंडाच्या कडेची, जाडी व्यासाच्या तेराव्या भागाइतकी, म्हणजे २३ मिलिमीटरच्या जवळपास ठेवा. पातळ ठेवली तर चिरकते, जाड ठेवली तर ठणठणते. साचा ओला राहिला तर वाफेने धातू बाहेर फेकला जातो. चांगला अनुभवी ओतारी साचा दिवसेंदिवस वाळवतो, त्याला घाई करायला लावू नका. ओतल्यावर घंटा साच्यातच सावकाश थंड होऊ द्या. इतकं कथील असलेला धातू काचेसारखा ठिसूळ, गरम असताना उपसला की ओठावर तडा.

आणि गावाची भांडी? त्यांची नामफलकाची पाटी आणि घंटा टांगायचं कडं करा. पितळ त्या कामाला उत्तम आहे, आणि घरोघरची भांडी त्यात आहेत हे खरंही राहील.

कॉव्हेंट्रीचा ‘खिळ्यांचा क्रूस’ खरोखर जुन्या खिळ्यांचा आहे का? आणि ड्रेस्डेनच्या चर्चवरचा क्रूस इंग्रजांनी दिला, हे बरोबर आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पणजी)

दोन्ही बरोबर. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराचं मध्ययुगीन कॅथेड्रल जळालं. छताच्या तुळया कोसळल्या तेव्हा त्या जोडणारे जुने घडीव खिळे राखेत विखुरले होते. आर्थर वेल्स या धर्मगुरूंनी त्यातले तीन खिळे जुळवून पहिला क्रूस केला. जॉक फोर्ब्स या गवंड्याने दोन जळक्या तुळया आडव्या-उभ्या बांधल्या, तो वेगळा. दोन्हींची गल्लत नेहमी होते. प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी भग्न वेदीमागच्या भिंतीवर ‘हे पित्या, क्षमा कर’ एवढंच कोरून घेतलं. ‘त्यांना’ हा शब्द मुद्दाम गाळला, कारण क्षमा कोणाला हवी आहे ते एका बाजूचं ठरवायचं नव्हतं.

खिळ्यांचे क्रूस पुढे जर्मनीत गेले. कील शहराला १९४७ मध्येच, म्हणजे इंग्लंडमध्ये अजून रेशनकार्डावर साखर मिळत होती तेव्हा. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म स्मारक चर्चमध्येही एक आहे. भेट एकदा देऊन विषय संपवला नाही. ज्यांच्याकडे हा क्रूस आहे त्यांचं जाळं जगभर आहे, आणि १९५८ मध्ये लिहिलेली समेटाची प्रार्थना शुक्रवारी दुपारी म्हटली जाते.

ड्रेस्डेनची गोष्ट उलट दिशेची. १३ ते १५ फेब्रुवारी १९४५ च्या ब्रिटिश-अमेरिकन हल्ल्यात हे जर्मन शहर जळालं आणि फ्राउएनकिर्शे हे चर्च १५ फेब्रुवारीला ढासळलं. पूर्व जर्मनीच्या काळात तो ढिगारा तसाच ठेवला होता. पुनर्बांधणी सुरू झाल्यावर शिखरावरचा सोनेरी गोल आणि क्रूस ब्रिटनमधल्या वर्गणीतून लंडनमध्ये घडवला गेला. तो घडवणारे सोनार ॲलन स्मिथ यांचे वडील ड्रेस्डेनवर बाँब टाकणाऱ्या विमानांतल्या वैमानिकांपैकी होते. २२ जून २००४ रोजी क्रूस घुमटावर चढला, ३० ऑक्टोबर २००५ रोजी चर्च पुन्हा उघडलं. तिथे गेलात तर बाहेरच्या भिंतीवर काळे ठिपके दिसतील. ते डाग नव्हेत, ढिगाऱ्यातून ओळखून परत बसवलेले जुने दगड आहेत. जुना वाकलेला क्रूस १९९३ मध्ये ढिगाऱ्यात सापडला. तो सरळ न करता चर्चच्या आत उभा केला आहे. दोन क्रूस पाहायचे तर आधी आतला पाहा, मग बाहेर येऊन मान वर करा.

स्पष्ट विचारतो: अशा पुतळ्या-घंटांनी एक तरी युद्ध टळलं आहे का? (वाचक, अमरावती)

पुतळ्याने नाही. अँडीज पर्वतातला ख्रिस्ताचा पुतळा घ्या. अर्जेंटिना आणि चिली सीमेच्या वादावरून लढाईच्या तोंडाशी आले होते. १९०२ मध्ये करार झाले, ब्रिटिश राजाच्या लवादाने सीमा आखली गेली, आणि १३ मार्च १९०४ रोजी ३,८३२ मीटर उंचीच्या खिंडीत, सीमेवरच, मातेओ अलोन्सो यांनी घडवलेला ब्राँझचा पुतळा बसवला. तो सुटे भाग करून रेल्वेने मेंदोसापर्यंत आणि पुढे खेचरांवरून वर नेला होता. म्हणजे आधी करार, मग पुतळा. हा क्रम विसरायचा नाही.

१९७८ च्या डिसेंबरात बीगल खाडीतल्या बेटांवरून हेच दोन देश पुन्हा हातघाईला आले. अर्जेंटिनाच्या फौजेला हल्ल्याचा हुकूमही सुटला होता. तेव्हा पुतळा खिंडीत होताच. लढाई थांबवली ती पोपच्या मध्यस्थीने, आणि १९८४ मध्ये तह झाला. पुतळ्याचा उपयोग इतकाच की ‘आपण हे आधी एकदा मिटवलं आहे’ हे दोन्हीकडच्या लोकांना दाखवायला काहीतरी होतं. आमच्या मते तो उपयोग लहान नाही, पण त्याहून जास्त दावा करणारी भाषणं ऐकून घेऊ नका.

भारताने जपानला अशी कोणती भेट दिली? (इयत्ता आठवीचा विद्यार्थी, लातूर)

हत्तीण. टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती १९४३ मध्ये, बाँबहल्ल्यात पिंजरे फुटून ते मोकाट सुटतील या भीतीने, उपाशी ठेवून मारले गेले. युद्धानंतर जपानी मुलांनी पंडित नेहरूंना पत्रं लिहून हत्ती मागितला. १९४९ च्या सप्टेंबरात हत्तीण पोचली. नेहरूंनी तिला आपल्या मुलीचं नाव दिलं होतं, इंदिरा. ती १९८३ पर्यंत जगली. कागदावरची भेटही लक्षात ठेव: ९ जून १९५२ रोजी भारताने जपानशी स्वतंत्र तह केला आणि युद्धाची भरपाई मागितली नाही.

इटलीत माँतोने इथे नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ बसवलं आहे. त्याचीच प्रतिकृती आमच्या शाळेत करायची आहे. मापं मिळतील का? (मुख्याध्यापक, माणगाव तालुका)

प्रतिकृती करू नका, वेळ चुकेल. का, ते सांगतो, पण आधी ज्यांना ही हकिगत माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले, मोर्चा मोडला आणि तिथेच मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या मोहिमेत ५०,००० हून अधिक भारतीय सैनिक होते, त्यातले ५,७८२ परतले नाहीत. २०२३ च्या जुलैमध्ये माँतोनेच्या ग्रामसंस्थेने आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी हे सूर्यघड्याळ उभारलं. सगळे एकाच सूर्याखाली, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्याचं ब्रीद आहे. लक्षात घ्या, १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत मराठा पलटणी इटालियन फौजेशीच लढल्या होत्या. त्याच देशातल्या गावाने हे केलं.

आता घड्याळ. काट्याची तिरकी कड ध्रुवाकडे रोखलेली लागते, म्हणजे जमिनीशी तिचा कोन त्या जागेच्या अक्षांशाइतका. माँतोने ४३.४ अंशांवर आहे, माणगाव १८.२ वर. तिथला काटा इथे लावला तर तो ध्रुवाच्या २५ अंश वर पाहील. तासांच्या रेषाही बदलतात. सपाट तबकडीसाठी सूत्र असं: रेषेच्या कोनाचा टॅन = अक्षांशाचा साइन × (दुपारपासूनचे तास × १५ अंश) याचा टॅन. माणगावसाठी बाराच्या रेषेपासून कोन निघतात ते हे: ११ आणि १ वाजता ४.८ अंश, १० आणि २ ला १०.२, ९ आणि ३ ला १७.३, ८ आणि ४ ला २८.४, ७ आणि ५ ला ४९.४, सहाला दोन्हीकडे ९०. माँतोनेला एकची रेषा १०.४ अंशांवर येते, यावरून फरक कळेल.

अडचण अशी की आपल्याकडे दुपारच्या आसपासच्या रेषा दाटीवाटीने येतात आणि मुलं शाळेत असतात नेमकी त्याच वेळी. म्हणून सपाट तबकडी न करता विषुववृत्ताला समांतर तिरकी तबकडी करा. सगळ्या रेषा सरळ १५-१५ अंशांवर, कुठलंही सूत्र नको. तबकडी जमिनीशी ७१.८ अंशांत, दक्षिणेकडची कड खाली नव्हे तर वर राहील अशी, आणि काटा तिच्या मधून काटकोनात आरपार. २१ मार्च ते २३ सप्टेंबर सावली वरच्या, उत्तरेकडच्या अंगावर पडते, बाकीचं अर्धं वर्ष खालच्या अंगावर. म्हणून रेषा दोन्ही बाजूंना कोरा. खालच्या बाजूचे आकडे उलट्या क्रमाने येतात, कोरणाऱ्याला हे लिहून द्या.

उत्तर दिशा मोबाइलवरून घेऊ नका. सिमेंटच्या चौथऱ्यातले लोखंडी गज कंपासला फसवतात. जुनी रीत बरी: सपाट जमिनीवर उभी काठी, तिच्याभोवती वर्तुळ. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे टेकेल तिथे खूण, दुपारनंतर पुन्हा टेकेल तिथे दुसरी खूण. दोन खुणांमधल्या कोनाचा दुभाजक म्हणजे उत्तर-दक्षिण. हे हिवाळ्यात करा. मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीस दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि त्या दिवसांत सावल्या फार आखूड पडतात.

घड्याळ बरोबर असूनही मनगटावरच्या वेळेशी जुळणार नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, माणगाव ७३.३ वर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सूर्य तुमच्याकडे सुमारे ३७ मिनिटं उशिरा येतो. त्यात ऋतूप्रमाणे फरक पडतो: फेब्रुवारीच्या मध्याला ५१ मिनिटं मिळवायची, नोव्हेंबरच्या सुरुवातीला २१. एप्रिलच्या मध्याला, जूनच्या मध्याला, १ सप्टेंबरच्या आणि नाताळच्या सुमाराला बरोबर ३७. ही चार ओळींची पाटी घड्याळाशेजारी लावाच, नाहीतर पहिल्याच आठवड्यात ‘घड्याळ बंद पडलंय’ अशी तक्रार येईल. काटा स्टेनलेस स्टीलचा असू द्या. कोकणच्या हवेत लोखंड एका पावसाळ्यात गंजाचे ओघळ सोडतं.

आजोबा बर्मा आघाडीवर होते. त्यांच्या ट्रंकेत लाल गोळा असलेलं रेशमी जपानी निशाण निघालं, त्यावर शाईने बरंच लिहिलं आहे. ते जपानला परत करता येईल का? धुऊन पाठवू का? (वाचक, सातारा)

धुऊ नका. इस्त्रीही नको. लिहिलेली काळी शाई काजळीची असते, ती टिकते; पण लाल गोळ्याचा रंग पाण्याने पसरतो आणि जुनं रेशीम ओलं झालं की घडीवर चिरतं. शिपाई निघताना घरचे, शेजारी, शाळासोबती अशा निशाणावर सह्या करून देत. हा कोण्या शिपायाच्या घरचा शेवटचा ठेवा असू शकतो, आणि त्यावरचे डाग हाही त्याचाच भाग.

स्वच्छ, कोरड्या हातांनी ते पांढऱ्या चादरीवर पसरा. सावलीतल्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवून. मग प्रत्येक चौथ्या भागाचा जवळून फोटो. कडेला मोठ्या अक्षरांत एक नाव असतं, ते बहुधा शिपायाचं. लाल गोळ्याभोवती किरणांसारखी पसरलेली नावं इतरांची. कोपऱ्यांवर चामड्याची किंवा कागदाची त्रिकोणी ठिगळं असतील तर ती उसवू नका. आजोबांची पलटण, साल, आघाडीचा भाग, जे घरात माहीत असेल ते कागदावर लिहा. निशाणाला टाचणी किंवा चिकटपट्टी लावायची नाही.

ठेवताना घडी घालू नका. ६-७ सेंटिमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीला आम्लरहित कागद किंवा अनेकदा धुतलेली, खळ नसलेली मलमल गुंडाळा आणि त्यावर निशाण सैल गुंडाळा. वरूनही मलमल. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमट हवा कोंडते. डांबरगोळ्या रेशमाला टेकू देऊ नका. काचेच्या फ्रेममध्ये दिवाणखान्यात लावण्याचा मोह होतो, पण खिडकीच्या उजेडात रेशीम काही वर्षांत भुसभुशीत होतं.

अशी निशाणं परत घरी पोचवण्याचं काम अमेरिकेतल्या ऑरेगनमधली ओबॉन सोसायटी करते. फोटोवरून नावं वाचून जपानमधलं कुटुंब शोधलं जातं. आधी फोटो आणि माहिती पाठवा, मूळ वस्तू कुटुंबाचा पत्ता लागेपर्यंत आपल्याकडेच राहू द्या. आणि परदेशी पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयातून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला घ्या. वस्तूला शंभर वर्षं झालेली नसली तरी हस्तलिखितांसाठी कायद्यातली मर्यादा ७५ वर्षांची आहे, आणि सह्यांनी भरलेलं कापड पाहून विमानतळावरचा अधिकारी तो प्रश्न विचारू शकतो. दाखल्याची प्रत पार्सलच्या आत एक, बाहेर पाकिटात एक.